भेटकलम

"शपथेवर सांगितलं तरी कोणाला पटायचं नाही," तारमास्तर म्हणाले, "पण हे आंब्याचं भेटकलम आमच्या हिच्या आवाजावर वाढतं."

खालच्या मजल्यावरचा शिंपी त्यांची उसवलेली पँट शिवून वर द्यायला आला होता. गॅलरीत एका चिरलेल्या बादलीत वीतभर उंचीचं रोप उभं होतं. मोजून सहा पानं. त्यातली वरची दोन नुकतीच फुटलेली, तांबूस, ओल्या फडक्यासारखी लोंबणारी.

"तिचा फोन आला की शेंडा फोनकडे वळतो. परवा सात मिनिटं बोलली, तर बोटभर वाढलं. टेप आहे ना गळ्यात? मोज."

शिंप्याने मोजलं. "मास्तर, गेल्या महिन्यातही एवढंच होतं की!"

"मधे दोन दिवस फोन नव्हता. आक्रसलं."

"आणि बादलीत ही चहाची पत्ती कसली?"

तारमास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं. रोज सकाळी त्यांच्या हातून दोन कपांचा चहा टाकला जाई. एक कप त्यांचा. दुसऱ्याचं करायचं काय, म्हणून तो गार करून पत्तीसकट बादलीत जाई.

पस्तीस वर्षं तार ऑफिसात काढलेला हा माणूस. लोकांची बाळंतपणं, बदल्या, मयती, सगळं त्यांनी मोजक्या शब्दांत बसवून गावोगाव धाडलं होतं. पण घरातलं एक साधं वाक्य त्यांच्या जिभेवरून सुटत नव्हतं. बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्याला नऊ महिने होत आले होते. ठरले होते दोन. मग नातवाला दात आले की येते, असं झालं. दात आले. मग रांगायला लागला की येते. तोही बिचारा रांगला. आता पाऊल टाकलं की येते, इथवर गाडी आली होती. दर फोनला तारमास्तर म्हणायचे, "हो हो, सावकाश ये. इथे काही अडलेलं नाही." आणि फोन ठेवून बराच वेळ गॅलरीत उभे राहायचे.

"पाऊल टाकल्यावर म्हणतील, कॉलेज संपलं की येते," शिंपी म्हणाला. "सरळ सांगा की, या म्हणून."

"माझं काय अडलंय?"

"तुमचं नाही हो. रोपाचं अडलंय."

शिंपी जिना उतरल्यावर तारमास्तरांनी मोबाइल हातात घेतला. काहीतरी लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. चष्मा पुसून झाला, पाणी पिऊन झालं. शेवटी एका बोटाने टकटक करत त्यांनी बाईंना मजकूर धाडला: "कलम लागले. घरी एकटा आहे."

दहाव्या मिनिटाला फोन वाजला. बाईंचा नव्हे, बाईंच्या भावाचा. हा मेव्हणा एका वकिलाकडे मुन्शी होता आणि कायदा वकिलापेक्षा आपल्याला जास्त कळतो, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"भावोजी, ताईने तुमचा मेसेज मला पाठवलाय. रडतेय ती. जास्त बोलू नका, फोन कोणी ऐकत असेल. विचारतो तेवढंच सांगा. कोणतं कलम लागलंय?"

"भेटकलम."

पलीकडे खुर्ची करकरली. "भेट घेतल्याचं? रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आणि आता उकरून काढलं?"

"उकरायचं नसतं रे. मुळं दुखावतात."

"म्हणजे मुळापर्यंत गेलेत! बरं, व्यवहार टेबलावर झाला की टेबलाखाली?"

"आधी टेबलावरच ठेवलं होतं. ऊन फार लागायला लागलं, म्हणून टेबलाखाली सरकवलं."

"अरे देवा! कोणी बघितलं?"

"खालच्या शिंप्याने. त्याच्याकडे टेप आहे ना."

"टेपसुद्धा आहे?" मेव्हण्याचा आवाज चिरकला. "आणि जामीन?"

"जमीन कुठली रे तिसऱ्या मजल्यावर? बादलीत भागवतोय."

"बादलीत! एवढे हाल! किती वर्षं म्हणतात?"

"माळी म्हणतो, चार तर धराच. नशीब खोटं असेल तर सात."

"हा माळी म्हणजे इन्स्पेक्टर का?"

"नर्सरीतला आहे. पण कडक माणूस."

'नर्सरीतला' हा शब्द मेव्हण्याच्या कानाबाहेरच राहिला. तो 'सात' हा आकडा कागदावर गिरवत होता. "तुम्ही कशावरही सही करू नका. मी ताईला नीट समजावून सांगतो."

"सांगायचं असेल तर लवकर सांग बाबा," तारमास्तर म्हणाले. "चारच्या गाडीनंतर दुसरी गाडी नाही."

त्यानंतर मेव्हण्याने शिंप्याला फोनवर गाठलं आणि दरडावून विचारलं, "मास्तरांवर लाचेची केस आहे. टेप कुठाय?" शिंप्याने घाबरून गळ्यातली टेप काढून मशीनच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. ती कुलपात का गेली, हे तो तीन बिऱ्हाडांना सांगून आला. तीन बिऱ्हाडांनी ते उरलेल्या आठांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत एक कागद तयार झाला: "मास्तर प्रामाणिक गृहस्थ आहेत. त्यांच्या घरी एका बादलीपलीकडे संशयास्पद काही आम्ही पाहिलेलं नाही." खाली अकरा सह्या.

सकाळी दार वाजलं. पुढे वकीलपत्र घेऊन मेव्हणा, मागे तो अकरा सह्यांचा कागद नाचवणारा शिंपी, आणि त्या दोघांना कोपराने बाजूला सारत बाई. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात घाईघाईत तशीच आलेली नातवाची दुधाची बाटली.

"कुठे नेणार आहेत तुम्हाला? स्वेटर घेतलाय का? किती वाळलात हो!"

तारमास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. शेवटी त्यांनी गॅलरीकडे बोट केलं.

सगळे गॅलरीत गेले. बादलीभोवती गोल करून उभे राहिले.

"हे कलम?" मेव्हणा मटकन स्टुलावर बसला. "भावोजी, अहो मी साहेबांना जेवणावरून उठवलं! दोन जामीनदार खाली रिक्षात बसलेत!"

"तू विचारलंस, मी सांगितलं. यात माझं काय चुकलं?"

"भेटकलम म्हणालात!"

"मग भेट झाली की नाही?"

शिंप्याला हसू आवरेना. हातातल्या अकरा सह्या तोंडावर धरून तो हसू लागला. बाई हसल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून त्या बादलीपाशी उकिडव्या बसल्या. गॅलरीतल्या कुंड्या आजवर त्यांनीच लावलेल्या. त्यांनी रोपाच्या बुंध्यावरून खालून वर बोट फिरवलं, मग वरून खाली.

"अहो, याला सांधा कुठाय?"

"कसला सांधा?"

"कलम बांधलं की तिथे गाठ राहते. जन्मभर दिसते. हे तर बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ आहे." चहापत्तीच्या थराखाली बोट खुपसून त्यांनी एक काळपट, उघडलेली कोय वर काढली. "मी निघाले त्या दुपारी आपण दोघांनी एक आंबा खाल्ला होता. त्याचीच ना ही?"

मेव्हण्याने वकीलपत्राची चौपदरी घडी केली. शिंपी हसायचा थांबला.

"म्हणजे कलम लागलंच नव्हतं. कलम नव्हतंच!" मेव्हणा म्हणाला.

तारमास्तरांनी घसा खाकरला. "पस्तीस वर्षांची सवय गं. मजकूर आटोपशीर लागतो. मनातलं सगळं लिहायचं, तर पानभर झालं असतं. 'कलम लागले', दोन शब्दांत भागलं."

बाईंनी कोय परत मातीत ठेवली, वरून माती सारखी केली आणि तिथूनच मान वर करून म्हणाल्या,

"खोटं बोलू नका. 'आठवण येते' हेसुद्धा दोनच होतात."