पहिली चूल कोणाची

सुपडूचा कोट जब्बार शिंप्याच्या फळीवर चुरगळून पडला होता आणि इस्त्री थंडगार. चिंचपाड्याला मुलगी पाहायला जायचं, गाडीची वेळ होत आलेली, आणि याआधीची सगळी स्थळं हातची गेलेली. जीव टांगणीला लागणार नाही तर काय!

लढाईचे दिवस ते. दगडी कोळसा आगगाड्यांनी पळवला, तसा लाकडी कोळशाचा भावही चढून बसला. नंदुरबारात तेव्हा शेजारची चूल पेटली की गोवरीच्या तुकड्यावर विस्तव आणायचा, ही रीत. फार गोड रीत होती हो! विस्तवाबरोबर गल्लीच्या बातम्याही घरात यायच्या. पण आता देता देता पहिल्या चुलीचाच जाळ संपायचा. म्हणून जो तो दारात उभा राहून दुसऱ्याच्या धुराची वाट पाही.

"मन्हा भाऊ अनीस कोळसाना खाणमा शे," जब्बार म्हणाला. "तो म्हने, भाव वाढी गया, मजुरी तीच शे. मंग हाऊ पैसा जास कोठे?"

"ते नंतर इचार. मन्हा कोट?"

"कोळसा शे, इस्तो नही. तुन्हा घरथीन आन."

सुपडू घरी धावला. "माय, चूल पेटाड ना."

"आपलीच पहिली कसाले?" कौसाबाई म्हणाली. "सारी गल्ली इस्तो लेवाले यी."

शेवटी सुपडू तसाच चुरगळलेल्या कोटात आईबरोबर गाडीत बसला.

चिंचपाड्याला पाहुणे बसले ते बसलेच. चहा येईना. मुलीचे वडील, दोधूअण्णा, सारखे शेजारच्या कौलांकडे बघत होते. धूर काही निघेना. सुपडूला सगळं कळलं आणि त्याने मान खाली घातली.

एवढ्यात आतूनच धूर आला. मुलीने, धनुने, वाट पाहणं सोडून चूल पेटवली होती. क्षणात दारात बायकांची रांग लागली. धनु हसत एकेकीला विस्तव देत राहिली. मग चहाऐवजी ती पितळेचा तांब्या निखाऱ्यांनी भरून बाहेर आली.

"कोट काढा," ती म्हणाली, आणि गरम तांब्या फिरवून तिने सुरकुत्या मोडल्या.

कौसाबाई मुलाच्या कानाशी लागली. "रूप चांगलं शे. पन हाई पोर कोळसा भलता उडाडस. नको आपले."

सुपडूने कोट अंगात घातला. पाठीला ऊब लागली. आईपुढे तो जन्मात इतका ताठ बसला नव्हता.

"माय, तू गाडीवर घर जाय," तो धनुच्या चुलीकडे बघत म्हणाला. "मी आठेच ऱ्हासू."