लाल ठिपक्यांची सायकल

विश्वास हा मानवी व्यवहाराचा पाया असून तो नेहमी दुसऱ्याने ठेवायचा असतो. बंगळुरातल्या सायकल दुरुस्तीच्या धंद्याला हे तत्त्व फार पूर्वीपासून मान्य आहे. दहांपैकी नऊ गिऱ्हाइकांना दुकानदार चोर वाटतो. दहावे गिऱ्हाईक स्वतः दुकानदार असते.

सन १९५८ च्या सुमारास चामराजपेटेतले हेडक्लार्क व्यंकोजीराव हे या शास्त्रातले अधिकारी पुरुष होते. एका दुकानात ते दुसऱ्यांदा जात नसत. (ओळख वाढली की फसवणूक सोपी जाते.) पंक्चर काढताना ते पाण्याच्या घमेल्यावर ओणवे होत, कारण बुडबुडे आपल्याच ट्यूबमधून येताहेत याची हमी सरकारने कुठेही दिलेली नाही.

सायकल विलायती होती. सासरे खंडोजीराव यांनी ती वर्षानुवर्षे देवनहळ्ळीत स्वतः चालवून, लग्नात भरल्या डोळ्यांनी जावयाच्या हवाली केली होती. (मुलगी कावेरीही त्याच दिवशी दिली.) आता हेच सासरे रविवारी यायचे होते आणि सायकल कुरकुरत होती. म्हातारा मुलीची खुशाली मागाहून विचारी, आधी सायकलीची.

त्यांनी ती यल्लाप्पाच्या दुकानात ओव्हरहॉलला टाकली. तत्पूर्वी कोणी आपला माल बदलू नये म्हणून चेन, पायडल, रिम, हँडल, सीट, फार काय फ्रेमवरही लाल रंगाचा ठिपका दिला. घंटा तेवढी काढून खिशात घातली. (घंटा परक्याकडे सोपवण्याइतके ते भोळे नव्हते.)

यल्लाप्पा बेळगावकडचा, सरळ माणूस.

"अण्णा, स्वल्प ऐका. आमच्या दुकानाची एक पद्धत आहे..."

"तुम्हा लोकांच्या पद्धती मला पाठ आहेत. काही सांगू नकोस, काही विचारू नकोस. दिसतंय तेवढं कर."

"सरी, अण्णा, तसंच करतो."

पेठेतल्या पोराटोरांनाही ठाऊक असलेली ती पद्धत अशी: जो भाग बदलायचा, त्यावर लाल ठिपका.

फ्रेमपाशी यल्लाप्पा जरा थबकला. पण विचारू नकोस म्हणणाऱ्याला विचारायचे कसे? त्याने ठिपक्याचा मान राखला. शनिवारी व्यंकोजीरावांपुढे कोरी सायकल उभी राहिली आणि शेजारी एक पोते.

"जुनं सगळं यात आहे, अण्णा. एक नटसुद्धा ठेवून घेतला नाही."

(बिलाचा आकडा देत नाही; घरची माणसेही हे वाचतात.)

रविवारी खंडोजीरावांनी सायकलीभोवती फेरी मारली आणि जावयाच्या खिशातून परत हँडलवर बसलेली घंटा वाजवली.

"घंटा तेवढी माझी. बाकीची कुठं विकलीत, जावईबापू?"

व्यंकोजीरावांनी धावत जाऊन पोते अंगणात ओतले. म्हाताऱ्याने एक पायडल उचलून न्याहाळले.

"हे कुणाचं भंगार? माझ्या सायकलीवर असले ठिपके नव्हते."

"देवाशपथ सांगतो मामा, ते मीच..."

"पुरे."

घंटा काढून घेऊन ते जेवायला न थांबता बसस्टँडकडे चालू लागले. कावेरीने वडिलांसाठी मांडलेले ताट उचलले.

वाचकांना हसू आले असेल, तर त्यांनी आपले घड्याळ दुरुस्तीला देताना झाकणाच्या आत ओरखडलेली खूण आठवावी. तशी खूण केलीच नाही म्हणता? नसेल केली. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. झाकण तेवढे उघडून दाखवा.