सासऱ्यांची पाठ

माणूस वळवायचा असेल तर त्याला आंघोळीला न्या. हे माझं ठाम मत आहे आणि गेली वीस-एक वर्षं झेरॉक्सची मशिनं विकून मी ते कमावलेलं आहे. टाय लावून, समोर चहा ठेवून टेबलामागे बसलेला माणूस कधीही हो म्हणत नाही. तोच माणूस गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडाला, पंच्याची घडी डोक्यावर ठेवून डोळे मिटून बसला, की लोण्याचा गोळा होतो. अंगावर कपडे नसले की हुद्दा राहत नाही, आणि हुद्दा नसला की हट्टही फार वेळ टिकत नाही. एका शाळेच्या अत्यंत चिकट मुख्याध्यापकांना मी अशीच तीन मशिनं विकली होती. शाळेला गरज एकाचीच होती!

त्यामुळे माझ्या बायकोनं, चिहारुनं, तिच्या वडिलांपुढे हात टेकले तेव्हा मी म्हणालो, "तू सोड ती काळजी. मला फक्त एक आंघोळ लागेल."

माझे सासरे, सेइगो, इझूच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात राहतात. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस. सासूबाई गेल्यापासून घरात एकटेच. मागच्या हिवाळ्यात ते घरच्या न्हाणीघरात घसरून पडले आणि शेजारीण संत्री द्यायला येईपर्यंत तसेच थंड फरशीवर पडून राहिले. तेव्हापासून चिहारु रोज सकाळी उठल्या उठल्या त्यांना फोन करते. त्यांनी फोन उचलायला उशीर केला, की इकडे माझ्या डब्यातलं ऑम्लेट करपतं. यंदा मी इतकी करपलेली ऑम्लेटं खाल्ली, की चांगलं ऑम्लेट मिळालं तर मला चुकल्यासारखं होतं. पण ऑम्लेटचं सोडा. फोन वाजत राहिला की चिहारुचा चेहरा जसा होतो, तो मला बघवत नाही.

त्यांनी आमच्याकडे सैतामाला येऊन राहावं, एवढंच आमचं म्हणणं होतं. सासऱ्यांचा नन्नाचा पाढा. फोनवर चिहारु अर्धा तास बोलायची आणि शेवटी पलीकडून एकच वाक्य यायचं, "सैतामात समुद्र नाही." आता सैतामात समुद्र नाही हे खरंच आहे, आणि त्याबाबत मी काही करू शकत नाही.

मग मी बेत आखला. त्यांच्याच किनाऱ्यावरचं एक मोठं रिसॉर्ट ठरवलं. आमच्या लेकीसाठी, नात्सुसाठी, घसरगुंड्यांचा वॉटर पार्क, चिहारुसाठी आराम, सासऱ्यांसाठी गरम पाण्याची कुंडं आणि माझ्यासाठी सासरे.

"पण तू त्यांच्याशी बोलणार काय?" गाडीत चिहारुनं विचारलं.

"बोलायचंच नाही. पाठ घासायची. पाठ घासता घासता बोलणं आपोआप निघतं."

"बाबांची पाठ आजवर कुणी घासलेली नाही."

"मग बरोबर. म्हणून तर अडलंय सगळं," मी म्हणालो.

रिसॉर्टमध्ये पोहोचल्यावर सगळ्यांनी तिथला युकाता, म्हणजे पट्ट्यानं बांधायचा सैल झगा, अंगावर चढवला. पांढऱ्या सुती कापडावर निळ्या लाटा. आबालवृद्ध सगळे त्याच लाटांमध्ये. मी पट्टा बांधेपर्यंत सासरे पंचा खांद्यावर टाकून आंघोळीला निघूनही गेले होते. मीही मागोमाग धावलो. चिहारु आणि नात्सु वॉटर पार्ककडे वळल्या.

इथे एक अडचण सांगायला हवी. माझा चष्मा. तो काढला की मला माणूस आणि फ्रिज यांतला फरक कळतो, पण त्यातलं एक हलत असलं तरच. पण झऱ्याच्या गरम पाण्यानं काचांची वाट लागते, मागे एक नवाकोरा चष्मा मी असाच घालवला होता. म्हणून चष्मा लॉकरमध्ये ठेवला आणि आत शिरलो.

आत सगळी वाफच वाफ. भिंतीकडे तोंड करून, बुटक्या स्टुलांवर म्हातारे अंग धुवत बसलेले. सगळ्यांची टकलं एकजात चकचकीत, जशी रस्त्याकडेला मांडलेली कलिंगडं. पण घरचं माणूस पाठमोरंही ओळखू येतंच की! रुंद खांदे, उन्हानं रापलेली मान. मी सरळ जाऊन मागे गुडघे टेकले.

"बाबा, पाठ घासू का?"

"हं," ते म्हणाले.

उरलीसुरली शंका फिटली. माझ्या सासऱ्यांना ओळखणारा कुणीही सांगेल, की हा माणूस दिवसभर 'हं'वर भागवतो.

मी नायलॉनचा खरखरीत टॉवेल घेतला, साबणाचा फेस केला आणि कामाला लागलो. आधी हवापाण्याचं बोललो. मग माशांचं. मग मात्र जे बोलू लागलो, ते माझं मलाच नवीन होतं.

"बाबा, चिहारु रोज सकाळी फोन लावते तेव्हा मी आत दात घासत असतो. तुम्ही फोन उचलेपर्यंत मी ब्रश थांबवतो. तिला हे माहीत नाही." मी जरा जोर लावला. "माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. पाठ घासावी असं माणूस मला राहिलंच नाही. लग्न झालं तेव्हा वाटलं, आता आहे. पण तुमचं आणि माझं कधी बोलणंच होत नाही." आणखी जोर लावला. "तुम्ही नको म्हणता, पण दक्षिणेकडची खोली रिकामी केली आहे. बाल्कनीत टोमॅटो लावता येतील. सैतामात समुद्र नाही, बाबा. पण नदी आहे. सायकलवरून जाता येतं. मी येईन बरोबर."

त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मा नसला तरी तेवढं मला दिसलं. एवढा दर्याचा माणूस, आणि माझ्या हाताखाली हुंदके देत होता. मी टॉवेल दोन्ही हातांनी धरला आणि मानेपासून कंबरेपर्यंत जीव ओतून घासत विचारलं, "बाबा, याल का आमच्याकडे?"

"येतो," ते घाईघाईनं म्हणाले. "येतो, येतो. आता पुरे."

आता आणखी विनवण्या नकोत, असा मी त्याचा अर्थ घेतला. चार तांबे पाणी ओतून त्यांची पाठ धुतली, वाकून नमस्कार केला आणि निघालो. चष्मा नाकावर चढवला, युकाता कसाबसा गुंडाळला आणि थेट वॉटर पार्क गाठला.

चिहारु गोल फिरणाऱ्या पाण्याच्या कालव्यात, फुगवलेल्या टायरमध्ये बसून तरंगत होती. मी काठाकाठानं धावू लागलो.

"झालं," मी म्हणालो.

"काय झालं?"

"बाबा येतायत."

"इथे? त्यांच्याकडे पोहायचे कपडे कुठे आहेत?"

"इथे नाही, सैतामाला. राहायला."

टायर पुढे निघून गेला. तिनं मान वळवली, मागचे टायर तिच्यावर आदळले. तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली. उंच खुर्चीवरची देखरेख करणारी पोरगी कर्ण्यातून सांगत होती, "युकाता घातलेल्या काकांनी कृपया बाहेर जावं. धावू नये." मी तिला हात जोडायला वळलो आणि लाटांचे कपडे घालून लाटांमध्ये पडलो.

वर आलो तेव्हा चिहारुनं माझी कॉलर धरली होती. "बाबा खरंच 'येतो' म्हणाले? त्यांच्या तोंडानं?"

"तीनदा म्हणाले. रडलेसुद्धा."

मग ती जी रडायला लागली ती थांबेना. टोपीखालून केस बाहेर आलेले, नाक लाल, आणि आम्ही दोघं एका टायरला लटकून अख्खा कालवा फिरून आलो. शिट्टी वाजतच होती. घसरगुंडीवरून आलेल्या नात्सुला कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आजोबांचा टीव्ही मला बघता येईल का?"

पुढच्या तासाभरात चिहारुनं नागोयाच्या भावाला फोन केला, आतेबहिणीला फोन केला आणि जेवणघरात सांगून ताई नावाचा लाल मासा अख्खाच्या अख्खा भाजायला लावला. आमच्यात शुभकार्याला तो लागतोच.

संध्याकाळी जेवायला बसलो. सासरे आधीच येऊन मिठाची गुळणी धरल्यासारखे बसले होते. चिहारुनं त्यांच्या पेल्यात साके ओतली. "बाबा, मला किती बरं वाटतंय, कसं सांगू."

"हं."

"दादालाही कळवलं मी. तोही खूश झाला."

"हं?"

या दुसऱ्या 'हं'पुढे प्रश्नचिन्ह होतं. पण आमच्या घरात कुणी ते पूर्वी ऐकलेलं नसल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. तोवर ताई मासाही ताटात येऊन पडला.

इतक्यात एक ठेंगणी आजी आणि तिच्यामागे एक टकलू आजोबा आमच्या टेबलाशी येऊन वाकले. आजोबांचे खांदे रुंद होते. मान रापलेली होती. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"मी मोरिवाकी," आजी म्हणाली. "आमच्या ह्यांना सैतामाला नेणारे ते तुम्हीच ना? ह्यांनी तुम्हाला आवाजावरून ओळखलं. घेऊन जा हो, माझी काही हरकत नाही. फक्त रात्री घोरतात, आणि शेवाळाचं सूप असल्याशिवाय जेवत नाहीत. एवढं सांभाळा."

चिहारुनं माझ्याकडे पाहिलं. "तू पाठ कुणाची घासलीस?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही कुठे होतात?"

"आंघोळ करून बाहेर," सासरे म्हणाले. "दूध पीत होतो. आंघोळीला असा किती वेळ लागतो?"

मी लाजेनं मान खाली घातली. चिहारुनं हळूच साकेची सुरई खाली ठेवली, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. दुपारभर ती ज्या सुखात होती, ते मी दिलं होतं आणि ते दुसऱ्याचं निघालं होतं. नागोयाला पुन्हा फोन करावा लागणार होता. उद्यापासून सकाळी पुन्हा तोच फोन वाजत राहणार होता.

"तुम्ही का वाईट वाटून घेता?" मोरिवाकी आजी मला म्हणाली. "ह्यांनी सगळं सांगितलं मला. बायको वडिलांना फोन लावते तेव्हा म्हणे तुम्ही दात घासायचे थांबता. आमचा मुलगा इतका चांगला आहे, पण तो कधी थांबला असेल असं वाटत नाही मला. मीच रडले ऐकून."

"तू थांबतोस?" चिहारुनं विचारलं.

मी ताई माशाकडे बघत राहिलो.

"खोली दक्षिणेकडची आहे," मोरिवाकी आजोबा आता रंगात येऊन म्हणाले. "बाल्कनीत टोमॅटो. नदीवर सायकलनं जायचं, हे बरोबर येणार. मला तर पसंत आहे."

"ती खोली माझी आहे," सासरे म्हणाले.

नात्सुनं खेकड्याचा पाय तोंडातून काढला.

"तुमची कशी?" मोरिवाकी म्हणाले. "तुम्ही तर नको म्हणालात म्हणे."

"नको कधी म्हणालो? मला विचारलं कुणी?"

"बाबा, मी रोज फोनवर..." चिहारु म्हणाली.

"तू सांगितलंस. तुझ्या भावानं सांगितलं. सामान कधी हलवायचं ते सांगितलंत, बोट कुणाला विकायची ते सांगितलंत, घराला कुलूप लावायचंही सांगितलंत. येता का, असं कुणी विचारलं नाही." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "यानं विचारलं. तेही या माणसाला."

इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बहुतेक त्यांनीही स्वतःला ऐकलं नसावं, कारण त्यानंतर ते पाण्याचा ग्लास एका घोटात प्यायले.

मी खुर्चीवरून उतरलो. चष्मा नीट बसवला, हा माणूस माझा सासराच आहे याची खात्री करून घेतली आणि भर जेवणघरात गुडघे टेकून जमिनीला डोकं लावलं. "बाबा, याल का आमच्याकडे?"

"हं," ते म्हणाले.

"'हं' म्हणजे हो की नाही?" चिहारुनं विचारलं. "बाबा, या वेळी तरी नीट सांगा."

ते ग्लासात पुन्हा पाणी ओतू लागले. मला धीर धरवेना, म्हणून मी मोरिवाकी आजोबांकडे वळलो. "पण आजोबा, तुम्ही तरी हो का म्हणालात? तुम्हाला तर कळलं असणार, मी माणूस चुकलोय."

"सुरुवातीलाच कळलं," ते ओशाळून म्हणाले. "पण तुम्ही इतक्या मनापासून बोलत होतात, मध्येच थांबवणं बरं दिसेना. पुढे पुढे मात्र अगदीच सोसवेना. तुम्ही थांबावं म्हणून मी चंद्रावर राहायलासुद्धा हो म्हटलं असतं."

आजीनं काही न बोलता त्यांना पाठमोरं केलं आणि युकाताची कॉलर मागून खाली ओढली. मानेपासून खाली त्यांची पाठ ताटातल्या खेकड्यासारखी लालबुंद झाली होती. जागोजागी मलम लावलेलं होतं.

सासरे बराच वेळ ती पाठ न्याहाळत राहिले. मग त्यांनी माझे हात पाहिले. मग लेकीकडे पाहिलं.

"येईन," ते म्हणाले. "पण माझी पाठ मीच घासणार."