राजेंची आंघोळ

मास्तरांनी दार वाजवलं तेव्हा पहिल्या मजल्यावरचे राजे आंघोळ करत होते. यात नवल काहीच नव्हतं. हे गृहस्थ चष्म्याच्या दुकानात कामाला होते, पण गरम पाण्याखाली तासन्‌तास उभं राहायच्या सवयीपायी इमारतीने त्यांना 'राजे' हे नाव बहाल केलं होतं, आणि त्यात कौतुकाचा भाग अजिबात नव्हता.

"राजे, पाणी बंद करा आणि बाहेर या. महत्त्वाचं बोलायचंय," मास्तर दाराबाहेरून म्हणाले.

मास्तर सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. उभा जन्म मुलांना भूगोल शिकवण्यात गेला. सूर्य किती मोठा, किती लांब, हे सांगून सांगून घसा बसला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच सूर्याला कामाला लावलं. गच्चीवर सोलरची टाकी बसवायची म्हणून ते घरोघरी फिरले, वाद घातले, हात जोडले आणि शेवटी प्रत्येकाचा गीझर भिंतीवरून उतरवला. तो सोलर म्हणजे त्यांचा जीव की प्राण होता.

राजे टॉवेल गुंडाळून दारात आले.

"तळमजल्यावरच्या आजींची सून बाळाला घेऊन घरी आलीय," मास्तर म्हणाले. "बाळ दिवस भरायच्या महिनाभर आधीच आलंय. एवढंसं आहे. आणि आभाळ हे असं भरलेलं. टाकीत जे काही पाणी तापेल ते खाली जाऊ दे. ऊन पडेपर्यंत आपण कुणी गरम नळाला हात लावायचा नाही."

राजेंकडून होकार येईल अशी मास्तरांना आशा नव्हती. पण राजेंनी सकाळीच जिन्यात ते बाळ पाहिलं होतं, आणि त्याने त्यांचं बोट धरलं होतं.

"नाही लावत, मास्तर," राजे म्हणाले. "शब्द दिला."

मास्तरांना भरून आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी तर म्हणाल्या, "हे काय सांगायला हवं? बाळापुढे आमच्या आंघोळीचं काय एवढं?" असे शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं मास्तर जेवताना बायकोला तीनतीनदा सांगत होते. तिसऱ्यांदा तिने त्यांच्या पानात भात वाढून विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी सगळी इमारत गार पाण्याने न्हाली. कोण कापऱ्या आवाजात गात होतं, कोण नुसतंच कण्हत होतं. आणि तळमजल्यावर आजींनी मोठ्या विश्वासाने गरम नळ सोडला, तर पाणी बर्फ.

आजी स्वभावाने काटकसरी. शेजाऱ्यांनी आपल्यासाठी पोटाला चिमटा काढून ठेवलेलं पाणी, ते वाया कसं घालवायचं? त्यांनी मगभर पाणी घेतलं, बोट बुडवून पाहिलं आणि नळ बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा मगभर. पुन्हा गार. शेवटी गॅसवर पातेली चढवली आणि दुखऱ्या कमरेने ती उचलून न्हाणीघरापर्यंत नेली. बाळाचं न्हाणं, सुनेचं न्हाणं, दुपटी. तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर बोलली, आणि मग आजी बोलल्या.

"मास्तर, तोंडावर हो म्हणायचं आणि मागून न्हायचं, ही कुठली रीत?"

"आजी, इमारतीत कुणी गरम पाण्याला शिवलेलं नाही."

"मग त्या मावशीचे केस ओले कसे? या थंडीत गार पाण्याने केस कोण धुतं?"

"मी धुते," मावशी जिन्यातून म्हणाल्या आणि लागोपाठ शिंकल्या. "तुमच्या नातवासाठी धुते. आणि वर हे ऐकून घेते."

मास्तर धावत गच्चीवर गेले. टाकीच्या नळीला हात लावला आणि बोट भाजून घेतलं. तसेच खाली आले.

"एवढ्या ढगांतही टाकी तापलीय, आजी. हे बघा बोट."

"तुमचं बोट तापलं असेल, माझा नळ नाही तापला."

झालं. कुणी कुणाचं ऐकेना. जो तो दुसऱ्याच्या दाराशी वाफेचा वास घेत फिरू लागला. रविवारी दुपारी तळमजल्यावर आजींच्या दारासमोर सगळे जमले. अर्धे शिंकत होते, सगळे चिडलेले होते. सोलर काढायचा आणि ज्याने त्याने आपापला गीझर परत लावायचा, असं जवळजवळ ठरलंच. मास्तरांची बाजू घ्यायला त्यांची बायको होती, पण तिचाही घसा बसला होता.

"मला कसंतरी होतंय," राजे नाक पुसत म्हणाले. "तुम्ही ठरवाल ते मला मान्य." ते वर निघून गेले.

मास्तर मान खाली घालून बसले. उभ्या आयुष्यात एक काम मनाजोगतं झालं होतं, आणि तेच लोकांच्या भांडणाला कारण झालं. "काढा," ते म्हणाले. "माणसं तुटण्यापेक्षा ते बरं."

तेवढ्यात आतून सुनेची हाक आली. "आई, इकडे या. हात धुवायला गेले तर नळाचा चटका बसला."

आजी आत धावल्या. नळातून वाफाळतं पाणी पडत होतं. बाहेर सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत वरून, पहिल्या मजल्यावरून, पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. लांबलचक, निवांत, ओळखीचा आवाज.

सगळी वरात जिन्याने वर चढली. दार उघडलं तेव्हा राजेंच्या मागे घरभर वाफ होती.

"मास्तर, शब्द मोडला," ते टॉवेल सावरत म्हणाले. "अंगात कणकण होती. गार पाण्याचा तांब्या पाहिला आणि धीर सुटला. काय शिक्षा द्यायची ती द्या."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "शिक्षा कसली, राजे? गाढव मी. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत एवढा लांब पाइप. मधे कुणी नळ सोडलाच नाही, तर त्यातलं गार पाणी हलणार कसं? रोज तुम्ही ते ओढून घेत होता, म्हणून खाली गरम पोचत होतं."

"आणि मी मगभर घेऊन बंद करत होते," आजी पुटपुटल्या. "वाया नको म्हणून."

त्या मावशींकडे वळल्या. "मी वाट्टेल ते बोलले गं. राग धरू नकोस." मावशींनी मान हलवली, कारण शिंकेमुळे बोलता येत नव्हतं. मग आजी राजेंसमोर उभ्या राहिल्या. "आणि तुम्हाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल त्याला गणती नाही. पण तुम्ही हावरटासारखे न्हायचात, म्हणून आम्ही इतकी वर्षं सुखाने न्हालो. तुमचे उपकार आहेत, बाबा."

राजेंना आजवर आंघोळीबद्दल फक्त टोमणे मिळाले होते. त्यांनी टॉवेलची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली.

सोलर राहिला. मात्र राजेंचं सुख संपलं. सकाळी जरा डोळा लागला की आजी खालून हाक मारत, "राजे, उठा, आंघोळीला जा, बाळ खोळंबलंय." कर्तव्य म्हणून करायच्या आंघोळीत पूर्वीची गोडी राहिली नाही, पण ते एक दिवस चुकले नाहीत.

पुढे एकदा त्यांना बहिणीकडे राहायला जायचं झालं. त्यांनी रीतसर घराची किल्ली मास्तरांकडे दिली आणि बदली माणूस बघायला सांगितलं.

सकाळी मास्तर स्वतःच टॉवेल घेऊन खाली आले. जन्मभर एका बादलीत उरकणारा माणूस राजेंच्या फवाऱ्याखाली चोरासारखा उभा राहिला. आधी गार, मग कोमट, मग हळूहळू गरम पाणी खांद्यांवरून उतरू लागलं. खालून आजींचा आवाज आला.

"मास्तर, आलं बरं का गरम. बाळाला न्हाऊ घालते. आता बंद केलंत तरी चालेल."

मास्तरांनी ते नीट ऐकलं. वरच्या सूर्याचे, खालच्या बाळाचे आणि बहिणीकडे गेलेल्या राजेंचे मनापासून आभार मानले, आणि नळ काही बंद केला नाही.