एका पायातली क्लिप

पायजम्याला सायकलची क्लिप लावून लग्नाच्या पंगतीला बसणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. तीही एकच क्लिप, उजव्या पायात. डावा पाय मोकळा. पंगत आमच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाची, सगळे परीटघडीचे कपडे घालून आलेले, आणि मन्मथअप्पांनी मांडी घातली तर ती लोखंडी क्लिप नेमकी पत्रावळीशेजारी आली. मी शेजारच्या पंगतीतून म्हटलं, "अप्पा, लग्नात तरी काढून ठेवा की."

"काढली की पुन्हा लावायची आली ना बाई. म्हंजे तयारी आली. लावूनच ठेवली की सोपं."

"आणि दुसऱ्या पायातली?"

"ती उस्मानाबादला हाय."

मला वाटलं, थट्टा करतायत. कारण तेव्हा आमच्याकडं सगळंच उस्मानाबादला होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. मी नांदेडची, टायपिस्ट म्हणून नवीनच लागलेली. कचेरी नवी, पाटी नवी आणि सामान जुन्या जिल्ह्यातून वाटून आलेलं, भाऊ वेगळे निघताना भांडी वाटून घेतात तसं. कपाट इकडं आलं तर किल्ली तिकडं राहिली. रजिस्टरचा पहिला भाग इथं, दुसरा तिथं. मी दिवसभर छापील कागदावरचं जुनं नाव खोडून नवं टाइप करायची. कुणी कसलाही कागद मागितला की रेकॉर्डकीपर मन्मथअप्पा डोळे मिटायचे, डोक्यातल्या डोक्यात सगळी कपाटं उघडून बघायचे आणि सांगायचे, "उस्मानाबादला हाय." समोरचा माणूस आपण आता कोणत्या जिल्ह्यात राहतो याचा विचार करत परत जायचा.

अप्पा आमचे शेजारीही होते. पत्र्याच्या तीन खोल्यांची ओळ. मधल्या खोलीत मी आणि आई, कडेच्या खोलीत अप्पा. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात माणूस म्हणून एकटे आणि दुसरी ती सायकल.

सायकल कसली, घोडाच! काळी, उंच, आणि सीट इतकी वर चढवलेली की अप्पांच्या छातीला लागायची. कॅरिअरवर मात्र पोत्याची घडी घालून, सुतळीनं शिवून केलेली छान गादी.

"सीट खाली घ्या की अप्पा."

"सीटला हात लावायचा न्हाई."

"मागं गादी कशाला?"

"बसायला."

"कोण बसतं?"

"आता कुणीच न्हाई," असं म्हणून ते गादी झटकायला लागायचे. मी आईला म्हटलं, हा माणूस डोक्यानं जरा हललेला आहे. आई म्हणाली, तुला नांदेड सोडल्यापासून सगळेच हललेले दिसतात.

ही सायकल उस्मानाबादला न्यायची होती. तिथल्या कचेरीत गफूरभाई म्हणून अप्पांचा दोस्त. अठरा वर्षं दोघं एका टेबलाशी बसले, सायकलही दोघांनी साझ्यात घेतलेली. जिल्हा तुटला तेव्हा अप्पा इकडं आले, गफूरभाई तिकडं राहिले, सायकल इकडं आली. गफूरभाई मे महिन्याच्या अखेरीला रिटायर होणार होते. त्या दिवशी संध्याकाळी, कचेरी सुटायच्या वक्ताला, फाटकापाशी सायकल घेऊन पोचायचं, असा अप्पांनी शब्द दिला होता. आणि तोही सायकल चालवत.

"एवढ्या लांब? मेच्या उन्हात? अप्पा, बसनं जावा."

"बशीनं न्हाई. सायकलवर येतो म्हणलंय."

म्हणून दर रविवारी सराव. आणि सराव म्हणजे तयारी.

पहिल्या रविवारी मी बघतच राहिले. आधी पंपानं हवा. मग चेनला तेल. मग घंटी, घंटीला फडकं. मग टोपी, गमछा, डबा, कॅनव्हासची पाण्याची पिशवी, पंक्चरची डबी, पाना. मग टोपी सापडेना म्हणून पुन्हा सुरुवात. तोवर हवा कमी झाली की काय अशी शंका, म्हणून पुन्हा पंप. दोन तास! मी ओट्यावर डाळ निवडता निवडता विचारलं, "अप्पा, निघताय की नाही?"

"थांबा बाई. सोपं करून राहिलो."

हे त्यांचं पालुपद. पुढच्या रविवारी भिंतीवर खिळे आले. चौदा खिळे, प्रत्येकाखाली खडूनं आकडा. खोलीत एक गोल फेरी मारली की माणूस तयार, अशी योजना. पण सहा नंबरचा खिळा दाराच्या मागं. दार लावल्याशिवाय हाताला येईना. आणि दार लावलं की सात नंबर बाहेर राहायचा, कारण सात नंबरला पंप होता आणि पंप ओसरीत. अप्पा आत-बाहेर, आत-बाहेर. शेवटी कितव्या खिळ्यावर होतो तेच विसरले, आणि पुन्हा एक नंबरवर गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी खिळे रद्द. सगळ्या वस्तू एकाच दोरीला बांधल्या. दोरी उचलली की सगळी तयारी एकदम खांद्यावर! उचलली. डब्याचं झाकण उघडलं, भाकरी टोपीत पडली, आईनं दिलेलं लोणचं गमछ्यावर सांडलं, आणि पंपाचा दांडा अप्पांच्या कानाखाली बसला. आई हळहळली ती लोणच्यासाठी.

त्यात तो दुष्काळ. नळ कधीचे कोरडे. टँकर यायचा तो नेमका रविवारी सकाळी. मला गोदावरीकाठची सवय, पाण्याच्या रांगेत उभं राहिलं की माझं डोकं फिरायचं. एकदा मी घागर घेऊन भांडत होते तर पुढं गलका. बघते तर अप्पा. टोपी, गळ्यात पिशवी, काखेत पंप, उजव्या पायात क्लिप. पिशवी भरून घ्यायला रांगेत उभे. बायकांना वाटलं, टँकरची पाहणी करायला कुणी सरकारी माणूस आला. झालं! "सायेब, आमच्या बोळात टँकर येतच न्हाई." "सायेब, हा मेला अर्ध्यातच पाणी बंद करतो." अप्पा बिचारे, रेकॉर्डकीपरच ते, त्यांनी खिशातून वही काढली आणि सगळ्यांची तक्रार नावानिशी लिहून घेतली. पिशवी भरायची राहिली ती राहिलीच. पुढं महिनाभर त्या बायका मला विचारायच्या, तुमच्या सायबांनी काय केलं?

तयारी झाली की अप्पा सायकल हातात धरून कोपऱ्यापर्यंत चालत जायचे. कोपऱ्याआड दिसेनासे व्हायचे. तासाभरानं घामाघूम होऊन परत. "कुठवर गेलता?" "पुढंपर्यंत." एकदा कोपर खरचटलेलं, एकदा गुडघा. मला काहीच उमगेना. अठरा वर्षं सायकल वापरलेला माणूस इतका पडतो कसा? आणि सराव चाललाय तर दर रविवारी नुसती तयारीच कशी वाढून राहिलीय?

मे महिन्यातला शेवटून दुसरा रविवार आला आणि माझा संयम संपला. शनिवारी संध्याकाळीच मी त्यांची सायकल ताब्यात घेतली. हवा मारली, तेल घातलं. आमच्या पिण्याच्या माठातलं पाणी पिशवीत भरलं. त्या दिवसांत यापेक्षा मोठी माया मी कुणावर केली नाही. सकाळी डबा बांधला, सायकल दारात आणून उभी केली आणि म्हटलं, "घ्या. तयारी संपली. काहीच उरलं नाही. टांग टाका आणि निघा."

अप्पांनी सायकलभोवती एक चक्कर मारली. चाक दाबून बघितलं. घंटी वाजवली. मग पुन्हा चाक दाबलं.

"अहो, बसा ना!"

"बाई," ते खाली बघत म्हणाले, "मला चालवता येत न्हाई."

मी हसले. सांगायला लाज वाटते, पण पोट धरून हसले. आई बाहेर आली तेव्हा मला बोलताही येईना. आणि अप्पा तसेच हँडल धरून उभे, क्लिपवाला पाय जरा मागं घेऊन, शाळेत उभं केल्यासारखे. ते बघितलं आणि मी हसायची थांबले.

मग ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. "चालवायचा गफूर. तयारी माझ्याकडं. हवा, तेल, डबा, पाणी, समदं मी करायचो. तो यायचा, टांग टाकायचा, मी मागं बसायचो. अठरा वर्षं. मी इकडं निघालो तवा म्हणला, मन्मथ, सायकल तू घेऊन जा. शीक. मी रिटायर होईन त्या दिवशी चालवत ये आन् मला घरी सोड. इतके साल मी तुला बसवलं, एक दिन तू मला बसव. मी म्हणलं हाव. आता कुणाला सांगू, या वयात मला सायकल शिकवा म्हणून? एकटाच जातो, पडतो, परत येतो. तयारी तेवढी येती, म्हणून तेवढीच करून राहिलो."

मला इतका राग आला! त्यांचा, गफूरभाईंचा, माझा स्वतःचा. मी म्हटलं, "नऊ दिवस आहेत. उठा."

गावाबाहेरचं तळं पार आटलेलं होतं. पाण्यासाठी झरे उकरायला माणसं जायची-यायची, त्यांच्या पायांनी काठाची जमीन चांगली घोटीव झालेली. तिथं रोज सकाळी आमची शाळा. पहिल्याच दिवशी मी पाना घेतला आणि सीट खाली घेतली. अप्पा कळवळले. आधी जिथं होती तिथं त्यांनी खिळ्यानं ओरखडा काढून ठेवला, "गफूरला परत तेवढीच लागंल" म्हणून. मग मी मागून गादी धरून पळायची. आठ-साडेआठ महिने जी तयारी झाली ती सगळी व्यर्थ, कारण टोपी उडायची, पिशवी पायात यायची. मी सगळं काढून ठेवायला लावलं. फक्त क्लिपला त्यांनी हात लावू दिला नाही.

झऱ्यापाशी घागरी घेऊन बसलेल्या बाया आम्हाला सूचना करायच्या. "अप्पा, म्होरं बघा! चाकाकडं न्हाई!" सातव्या दिवशी मी हात सोडला. अप्पा वीस पावलं गेले. सरळ. वळता येईना, थांबता येईना, म्हणून पडले. उठून म्हणाले, "बाई, गेलो न्हवं मी?"

शेवटल्या दिवशी दोघांनी रजा टाकली. पंचवीस कोस जायला वीस पावलं पुरत नाहीत, तेव्हा सायकल एस.टी.च्या टपावर चढवली. अप्पा रस्ताभर खिन्न. "बशीनं आलो ते त्याला सांगायचं न्हाई."

"सांगायचं कशाला? सायकल वर, तुम्ही खाली. एवढाच फरक."

कचेरीच्या फाटकासमोर रस्ता मोकळा होता. मी अप्पांना वीस पावलांवर उभं केलं, बरोबर मोजून. पाच वाजले. माणसं बाहेर आली, आणि मधोमध हार घातलेले, हातात नारळ घेतलेले, ताडमाड उंच गफूरभाई. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण ओळखलं. त्यांच्या पायजम्याला उजव्या पायात क्लिप होती. सायकल जाऊन वर्ष होत आलेलं, घरून कचेरीत चालत येणारा माणूस, आणि पायात क्लिप. पंगतीतलं ते उत्तर मला तेव्हा कळलं. डोळे भरून आले माझे, काय सांगू.

"बसा," मी अप्पांना म्हटलं आणि मागून ढकललं.

अप्पा निघाले. डगमगत, दात आवळून, सरळ गफूरभाईंच्या अंगावर. थांबता येत नव्हतंच. गफूरभाईंनी नारळ शिपायाच्या हातात कोंबला आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"आलास?"

"आलो. तयार हाईस का?"

"कब का!" गफूरभाईंनी पाय उचलून क्लिप दाखवली.

अप्पा घाईघाईनं उतरायला लागले. "थांब, सीट वर घेऊन देतो. खूण करून ठेवलीय. तूच चालव, मला वळता येत न्हाई."

"न्हाई. आज मी मागं."

गफूरभाई हारासकट गादीवर बसले. इतके उंच, की दोन्ही पाय दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकले. अप्पांनी पेडल मारलं. सायकल हलली, तिरकी झाली, आता पडणार म्हणून मी धावले. पण पडली नाही. गफूरभाई बसल्या बसल्या पाय टाकत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. सायकल झुकेल तिकडचा पाय जरा घट्ट रोवायचे. वळण आलं तेव्हा त्यांनीच वळवली.

अप्पांना मागचं दिसत नव्हतं. ते हँडल धरून, पुढं बघत ओरडले, "गफूर, आलं बघ मला! वळतासुद्धा आलं!"

"हाव रे, आलं," गफूरभाई म्हणाले, आणि पाय वर न घेता तसेच घरापर्यंत चालत गेले.