चारशे बारा दारं

"काका, 'जेवणानंतर बघू' हा काय कामाचा टप्पा झाला?" मॅनेजरबाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"सुतारांनी मागितला होता," काका पुटपुटले.

दारं-खिडक्या दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर काका सांभाळत. स्वभाव भिडस्त. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. त्यामुळे 'नवीन', 'चालू' आणि 'पूर्ण' या तीन टप्प्यांचे अकरा वर्षांत त्रेसष्ट झाले होते. त्यात 'गिऱ्हाईक तापट, जपून' होता आणि नुसताच 'कुत्रा'ही होता.

"शुक्रवारपर्यंत तीनच उरले पाहिजेत," बाई म्हणाल्या. "नाहीतर ही खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. मला आवडणार नाही, पण द्यावी लागेल."

काका साफसफाईला बसले. टप्पा काढला की सॉफ्टवेअर विचारायचं, यातली कामं कुठे टाकू? 'पूर्ण'मध्ये टाकायला काकांचं मन धजेना. न बघता कुणाचं काम झालं म्हणणारे आपण कोण? त्यांनी सगळी 'नवीन'मध्ये ढकलली. नवीन काम नोंदलं की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जातो, हे त्यांना आठवलं तेव्हा चारशे बारा घरांत निरोप पोचला होता: 'आमचा माणूस उद्या सकाळी येईल.'

सकाळी कंपनीच्या एकमेव सुतारांनी कपाळाला हात लावला. "काका, मला हात दोनच आहेत हो! आता तुम्हीही निघा. हा स्क्रू ड्रायव्हर, हा लॅच. चार स्क्रू पिळायचे, झालं!"

नाही म्हणणं जमेना, म्हणून काका निघाले. पत्त्यावरचं दार आतून सुतळीने बांधलेलं होतं. एका आजींनी गाठ सोडली.

"तीन वर्षं झाली, मी आशाच सोडली होती," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आठवण ठेवलीत! बसा, आधी पाणी घ्या."

काकांनी पाणी घेतलं. चार स्क्रू पिळून त्यांनी लॅच बसवला. दार लोटलं. खट्! काय सुरेख लागलं! मग त्यांनी मूठ फिरवली. पुन्हा फिरवली. दार हलेना. लॅच उलटा बसला होता, आणि त्याचे स्क्रू दाराच्या बाहेरच्या बाजूला राहिले होते.

तेवढ्यात बाईंचा फोन. काकांनी डोळे मिटून घेतले. गेली खुर्ची.

"काका, सकाळपासून सतरा जणांनी आभार मानायला फोन केले! म्हणे, इतक्या वर्षांनी कोण एवढं लक्षात ठेवतं? आणि यातली निम्मी कामं खरंच राहिलेली निघाली. त्या त्रेसष्ट टप्प्यांत बुडाली होती बिचारी. थँक यू हं. खुर्ची तुमचीच. किती वेळात येताय?"

"सुतार... जरा इकडे पाठवता का?"

"त्यांच्या हातात अजून नऊ घरं आहेत. संध्याकाळ होईल. का हो, काम बिघडलं?"

आजींनी फोन काकांच्या हातातून घेतला. "काही बिघडलं नाही, बाई. सावकाश पाठवा त्यांना. तुमच्यामुळे आज घरात बोलायला कुणीतरी आहे, आणि मुख्य म्हणजे," त्यांनी दाराकडे समाधानाने पाहिलं, "पळून जायची सोय नाही!"