धुऱ्यावरच्या देवाची आंघोळ

कडी वाजली. वाऱ्यानं हलावी तशी, एवढीशीच. पण सहा वर्षांची रुखी नुकतीच झोपली होती, आणि रुखी झोपल्यावर घरात जी शांतता पसरते ती किन्हीराजाच्या बाजारात मिळत नाही. निकितानं पोरीच्या मानेखालचा हात इतक्या हळू काढला की बांगड्यांनाही पत्ता लागला नाही. मग तिनं दार उघडलं.

गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण दारात उभा होता.

"ताई, मी ऋषिकेश. वाशीमवरून आलो. तो प्राचीन देव इथंच आहे ना?"

"कोनता देव?"

"तुम्हीच तर फोटो पाठवला."

त्यानं मोबाइल पुढं धरला. पडद्यावर सासऱ्यांचं, पुंजाजींचं, वावर होतं. तुरीला पिवळा फुलोरा, मागं मावळतीचं आभाळ, आणि मधोमध धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, शेंदूर माखलेला देव. जिल्ह्यातल्या फोटोवाल्यांच्या एका गटानं 'न पाहिलेली दहा ठिकाणं' मागवली होती. निकितानं अशाच एका दुपारी, पोर झोपलेली असताना, हा फोटो पाठवून दिला होता आणि भांडी घासायला बसल्यावर विसरूनही गेली होती. आता त्या यादीत पहिल्या नंबरावर एक तलाव होता, दुसऱ्यावर जुनी बारव, आणि तिसऱ्यावर पुंजाजीचं वावर.

"रविवारी बस घेऊन येतो," ऋषिकेश म्हणाला. "चाळीस जण आहेत. सकाळी सातला, म्हणजे उजेड कोवळा असतो."

ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या पुंजाजीच्या तळहातावरून तंबाखू खाली सांडली. ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

पाहुणा गेल्याबरोबर त्यांनी सुनेला खुणेनं गोठ्यामागं बोलावलं.

"बाई, तो देव नाही वं."

"मंग काय हाय?"

"गोटा."

"मामाजी, देव गोट्याचाच असते."

"तसं नाही. मीच आनला तो. बैलबंडीत टाकून."

पुंजाजींनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत फिरवत सगळं सांगितलं. शेजारचा देवमन दरसाल नांगर हाकताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, इकडं सरकायचा. भांडणं झाली, चार माणसं मध्ये पडली, उपयोग शून्य. अकरा वर्षांपूर्वी पुंजाजींनी रातोरात धुऱ्यावर हा गोटा गाडला, शेंदूर फासला आणि वावरात देव निघाला म्हणून गावभर सांगितलं.

"मानसाले भेत नाही तं देवाले भेईन म्हनलं."

"भेले काय मंग?"

"दोन तास मांगं सरकला. एक आपला, एक त्याचा सोताचा." पुंजाजींचा आवाज खाली आला. "त्याले समजलं तं त्याचा तास तं मांगनच, पन गावात मले तोंड दाखवाले जागा ठेवनार नाही."

निकिताला तास दिसत नव्हता आणि देवमनही दिसत नव्हता. तिला दिसत होते पाच शनिवार. लग्नाला दोन वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, तेव्हा ती पाच शनिवार अनवाणी त्या धुऱ्यावर गेली होती. पाच नारळ फोडले होते. वैशाखातलं ढेकूळ पायाला कसं लागतं ते अजून तिच्या तळव्यांना आठवत होतं. आणि तेव्हा छत्री धरून सोबत चालणारा माणूस कोण होता?

"मामाजी, म्या नवस केला त्याले. तुमी संगं होते."

पुंजाजी बैलाच्या कानाशी बोलले, "मले वाटलं, करून पाह्यले काय जाते." मग म्हणाले, "अन् झाली ना पोट्टी."

"कुठून आनला होता?"

"आनला कुठून तरी." बैलाच्या कानात त्यांना अचानक गोचीड सापडली.

कार्यक्रम रद्द करावा म्हणून निकितानं नवऱ्याला फोन लावला. हरीओम वाशीमला एका दुकानात कामाला होता. त्याची ती यादी त्याआधीच सगळ्या ओळखीच्यांना पाठवून झाली होती. "आपलं वावर तिसरं आलं," तो म्हणाला, "अन् तू नाही म्हनून राह्यली?"

राहता राहिल्या सासूबाई. गोजराबाईंना गोट्याचा इतिहास माहीत नव्हता, फक्त त्याची अवस्था माहीत होती.

"चाळीस मानसं फोटो काढतीन, अन् देवाच्या आंगावर अकरा सालाचा मळ. आंघोळ घाला लागते."

"आंघोळ नको," पुंजाजी म्हणाले. "फोटोवाल्याइले जुनं पायजे."

"जुनं म्हंजे घान नाही. तुमी बी जुनेच हा, आंघोळ करता ना?"

"मी आठ दिवस नाही करत, पन त्याले हात लावू नको."

नवरा एवढा देवभोळा कधी झाला, याचं गोजराबाईंना नवल वाटलं. त्यापलीकडं त्यांनी त्याचं काही ऐकलं नाही.

रविवारी साडेसहालाच त्या कढत पाण्याची बादली, सोडा, नारळाची शेंडी आणि शेंदराची वाटी घेऊन वावरात पोचल्या. मागून निकिता, तिच्या बोटाला रुखी, आणि सगळ्यांच्या मागं जड पावलांनी पुंजाजी. तिथं देवमन आधीच हजर होता. कडक इस्त्रीची टोपी घालून तो देवाच्या बाजूला उभा राहून पाहत होता, फोटोत कसं दिसेल त्याचा अंदाज घेत.

"देव दोघायच्या धुऱ्यावर हाय," तो म्हणाला. "फोटोत मी बी येईन."

"या ना," गोजराबाई म्हणाल्या आणि पहिला तांब्या ओतला.

काही झालं नाही. दुसऱ्या तांब्याला तडतड असा आवाज आला. तिसऱ्याला अकरा वर्षांचा शेंदूर, भुईमुगाचं टरफल फुटावं तसा, वरपासून खालपर्यंत उकलला आणि सबंध कवच गोजराबाईंच्या पायाशी पडलं.

आतून चुना फासलेला पांढरा दगड निघाला. डोकं गोल, त्याला पिवळा रंग. पोटावर काळी अक्षरं.

पहिलीत जाणारी रुखी पुढं झाली. तिनं अक्षरावर बोट ठेवलं आणि बाई शाळेत शिकवतात तसं मोठ्यानं वाचलं.

"वा… शी… म."

खाली आकडा होता, पण तो अर्धा फुटलेला. पुढं 'कि. मी.' मात्र स्वच्छ होतं.

गोजराबाईंच्या हातातला तांब्या तसाच तिरपा राहिला आणि त्यातलं पाणी त्यांच्याच पायावर गळत राहिलं. निकितानं पुंजाजींकडं पाहिलं. पुंजाजींनी तुरीकडं पाहिलं.

देवमन खाली उकिडवा बसला. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं, दगडाच्या डोक्यावर टिचकी मारली आणि सावकाश वर पाहिलं.

"पुंजाजीभाऊ, रस्ता मोठा केला त्या साली फाट्यावरचा गोटा गायब झाला होता. सरकारी मानूस तवा मायाच घरी इचाराले आला होता. दोनदा."

गाडरस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. आता देवमननं नुसतं तिथंच बसून राहायचं होतं. बाकीचं काम चाळीस कॅमेऱ्यांनी केलं असतं.

देवमन उठला.

"वहिनी, शेंदूर कुठी हाय?"

"काहून?"

"आना इकडं. तेल आनलं का? हात चालवा जरा." त्यानं बाह्या वर केल्या आणि 'वाशीम'वर पहिला पंजा फासला. "पाहून काय राह्यले पुंजाजीभाऊ, तुमी मांगून घ्या. मायी पोरगी पसंत पडत नव्हती कुठी. याच्याच पायाशी बोललो, अन् आठ दिवसात सोयरीक जुळली. पाव्हने मंगळवारी दर्शनाले येऊन राह्यले. त्याइले का मी रस्त्याचा गोटा दाखवू?"

दोघं शेजारी अकरा वर्षांत पहिल्यांदा एका वाटीत हात घालून काम करत होते. कोपरापर्यंत लाल झाले.

"तासाचं मंग पाहू," देवमन दातात पुटपुटला.

"अर्धा," पुंजाजी म्हणाले.

"पुरा."

"बरं, पुरा. 'कि. मी.' राह्यला तिकडं, तो झाक."

ऋषिकेश धापा टाकत पोचला, तेव्हा देव ओल्या शेंदरानं नुसता लखलखत होता.

"वा, काय रंग आहे," तो गुडघ्यावर बसत म्हणाला. "काका, किती जुना असेल हा?"

"आमच्या आज्याच्या बी अगुदरचा," देवमननं हात जोडले. टोपीवर शेंदराची पाच बोटं उमटली होती.

चाळीस कॅमेरे एकदम कडकड वाजायला लागले. निकिता बाजूला झाली. सवयीनं तिचे हात जोडायला वर आले आणि मध्येच थांबले. खाली सोडावेत की पुढं न्यावेत, तिला कळेना. तेवढ्यात पदराला ओढ बसली.

"आई, तू तं म्हनते मी या देवानं देल्ली."

"हो वं माय."

"पन त्याच्या पोटात तं वाशीम लिवलं हाय." रुखीनं मान वर केली. "मंग तू मले मांगलं, ते आयकलं कोनं?"